सावलीची बदली होत नाही

मा. महापालिका आयुक्त तथा अध्यक्ष, वृक्ष प्राधिकरण,
आणि प्राधिकरणाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स.न.वि.वि.

मी निवृत्त पोस्टमन आहे. चौतीस वर्षं सायकलवरून टपालाचा बटवडा केला, त्यातली एकवीस वर्षं एकाच बीटवर, म्हणजे बटवड्याच्या एकाच ठरलेल्या भागात. त्या बीटवरच्या एका रस्त्यासाठी हे पत्र लिहितो आहे. शहराचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत आणि असा रस्ता त्या प्रत्येक शहरात आहे, याची मला खात्री आहे. म्हणून हे पत्र जसं माझ्या शहराच्या आयुक्तांना आहे, तसंच उरलेल्या अठ्ठावीस जणांनाही आहे. आणि ज्यांच्या दारातलं झाड अजून उभं आहे त्यांनीही ते वाचावं, म्हणून पोस्टकार्डासारखं उघडं पाठवतो आहे.

कारण सांगतो. मागच्या महिन्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार बोटं रुंदीची जाहीर नोटीस आली. आमच्या रस्त्याचं रुंदीकरण आणि काँक्रिटीकरण होणार आहे आणि त्यात एकोणीस झाडं ‘बाधित’ होत आहेत. बारा तोडायची, सात दुसरीकडे हलवायची. खाली यादी होती: कडुनिंब ५, करंज ४, रेन ट्री ३, वड २, चिंच १, इतर ४. हे ‘इतर’ कोण, ते मी सांगतो. एक बकुळ, एक उंबर आणि दोन गुलमोहर. बकूळ शाळेच्या फाटकाशी आहे. उंबर दवाखान्याच्या भिंतीला लागून आहे आणि त्यावर पहाटे इतके पक्षी असतात की आत दाखल असलेल्या पेशंटना उजाडल्याचं त्यांच्या आवाजावरून कळतं.

पोस्टमन बटवडा लावतात तो घरांच्या क्रमाने. मी मार्च ते जून तो सावलीच्या क्रमाने लावायचो. सकाळी पूर्वेकडच्या रांगेची सावली रस्त्यावर पडलेली असायची, तेव्हा त्या बाजूची घरं. दोननंतर पश्चिमेकडच्या रांगेची सावली पसरायला लागली की या बाजूची. मे महिन्यात बाराच्या पुढे सूर्य डोक्यावर येतो आणि सावली बुंध्यापाशी गोळा होते. त्या वेळी मी चिंचेखाली सायकल लावायचो, पिशवी पारावर ठेवायचो आणि उरलेली पत्रं लावून घ्यायचो. माझ्याआधी या बीटवर जे पोस्टमन होते तेही तिथेच बसायचे. पाराचा एक दगड बसून बसून गुळगुळीत झाला आहे.

लोक पत्तेही झाडांवरून लिहायचे. पिनकोड १९७२ मध्ये आला, पण मी नोकरीला लागल्यावरही कितीतरी वर्षं ‘मोठ्या चिंचेसमोर’, ‘जुळ्या वडांजवळ’, ‘बकुळीच्या फाटकातून आत’ असं लिहिलेली पत्रं यायची आणि ती चुकायची नाहीत. घरांवरचे नंबर महापालिकेने दोनदा बदलले, झाडं मात्र जागच्या जागी राहिली. मुंबईत वडाळा, चिंचपोकळी, ताडदेव, फणसवाडी ही नावं अशीच झाडांवरून पडलेली आहेत. आधी झाड असतं, मग त्याखाली माणूस थांबतो, थांबलेल्या माणसासाठी दुकान येतं, आणि मग त्या जागेला नाव पडतं. आमच्या जुळ्या वडांखाली रिक्षा स्टँड आहे, चपला शिवणारे काका आहेत, किल्ल्या करून देणारा आहे, उन्हाळ्यात रसवंती लागते. यांतल्या कुणालाही महापालिकेने तिथे बसवलेलं नाही. वडांनी बसवलं. वड गेले की ही माणसं त्या जागेवरून उठतील आणि आपल्या कोणत्याही कागदावर ती ‘बाधित’ म्हणून लागणार नाहीत.

साहेब, हवामान खात्याची वेधशाळा मी एकदा आतून पाहिली आहे. तापमान मोजायची पेटी पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची असते, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर ठेवलेली. झडपा कशासाठी असं विचारलं तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं, की वारा आत खेळावा पण ऊन तापमापीवर पडू नये म्हणून. म्हणजे ‘आज पारा ४२ अंशांवर’ असं आपण वाचतो तो आकडा सावलीतला असतो. उन्हात उभ्या माणसाच्या अंगावर वरून सूर्य, खालून तापलेलं डांबर आणि समोरून तापलेली भिंत यांची धग त्याशिवाय येते. मला ते कळलं तेव्हापासून उष्णतेच्या प्रत्येक इशाऱ्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. इशाऱ्यातला आकडा सावलीतला आहे आणि आमच्या रस्त्यावरची सावली आपण काढून घेणार आहात.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. ती बातमी महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या माणसांच्या डोक्यावर काही तास सावली नव्हती. आमच्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या मावशीच्या डोक्यावर ती कायमचीच नसणार आहे. ‘दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका’ ही सूचना दर उन्हाळ्यात महापालिकेच्या फलकांवर लागते. ती योग्य आहे. पण पोस्टमन, घरपोच जेवण पोचवणारी मुलं, सफाई कामगार, बांधकामावरचे मजूर, दुपारच्या शाळेची पोरं, यांना ती पाळता येत नाही. ही माणसं बाहेर पडणारच. त्यांच्यासाठी महापालिकेकडे असलेलं खरंखुरं साधन एकच आहे, आणि ते रस्त्याच्या कडेला उभं आहे.

झाड गारवा कसं देतं हे मला शाळेतल्या विज्ञानापेक्षा घरच्या माठाने जास्त समजावलं. माठातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. झाडही तेच करतं, फक्त पानांतून. एक लीटर गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सात-आठ पट उष्णता त्या पाण्याची वाफ व्हायला लागते. एखाद्या मोठ्या झाडाने दिवसभरात शंभर लीटर पाणी पानांतून सोडलं, तर आजूबाजूची जवळजवळ ६८ युनिट विजेइतकी उष्णता त्यात खर्ची पडते. वातानुकूलन यंत्र खोलीतली उष्णता काढून रस्त्यावर टाकतं. झाड ती कुणाच्या दारात टाकत नाही. शिवाय सावली आहेच. ऊन पानांवर अडतं, डांबरापर्यंत पोचतच नाही, आणि जे डांबर दिवसा तापलं नाही ते रात्री धगही सोडत नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. बेंगळुरूमध्ये संशोधकांनी रस्त्यांचे झाडं असलेले आणि झाडं नसलेले तुकडे घेऊन मोजमाप केलं. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दुपारच्या वेळी झाडांखालच्या हवेचं तापमान ५.६ अंशांपर्यंत कमी भरलं, आणि रस्त्याच्या पृष्ठभागाचं तब्बल २७.५ अंशांपर्यंत. तोच रस्ता, तेच शहर, तीच दुपार. सत्तावीस अंशांचा हा फरक आमच्या मावशीच्या तळपायाला माहीत आहे. सकाळी ती टोपली कडुनिंबाच्या एका बाजूला मांडते, सावली सरकेल तशी टोपली सरकवत नेते आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने उठते.

आता तक्रारी मांडतो. त्या आजच्या नोटिशीपासून सुरू होत नाहीत, पाच-सहा वर्षं मागे जातात.

पहिली तक्रार पेव्हर ब्लॉकची. फुटपाथ ‘सुशोभित’ केला तेव्हा प्रत्येक झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं गेलं. आमच्या आई-आजींना तुळशीच्या रोपालाही आळं करावं लागतं हे कळत होतं. पन्नास वर्षांच्या कडुनिंबाला मात्र आळं ठेवलं नाही. झाडाची बारीक मुळं, जी खरोखर पाणी पितात, ती पाताळात नसतात. ती जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. वरून सिमेंट आलं की दोन्ही बंद. मग झाड काय करतं? पाणी वाचवायला पानांवरची छिद्रं मिटून घेतं. सावली पडत राहते, पण माठ झिरपायचा थांबतो. म्हणजे झाड उभं असूनही त्याचा अर्धा गारवा आपण घालवलेला असतो. दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्येच आदेश दिला होता, की बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका. त्याला दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. आमच्या रस्त्यावर तेवढं करायला एक पहार, दोन माणसं आणि एक आठवडा पुरेल.

दुसरी तक्रार माझ्या मते सगळ्यात गंभीर आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. चार वर्षांपूर्वी पावसाळी गटारासाठी पश्चिमेच्या बाजूने चर खोदला गेला. जेसीबीने. बुंध्यापासून हातभर अंतरावर. मी समोरच उभा होतो. रेन ट्रीची मनगटाएवढी मुळं दातांत अडकून उसासारखी फाटत होती. मी मुकादमाला म्हटलं, अहो, निदान करवतीने सरळ कापा. तो म्हणाला, बाबा, आम्हाला चर दिलाय, झाड दिलेलं नाही. त्याचं काही चुकलं नाही. त्याला खरोखरच कुणी झाड दिलेलं नव्हतं. रस्त्याचं खातं वेगळं, गटाराचं वेगळं, विजेचं वेगळं, आणि झाडांसाठी जे उद्यान खातं आहे त्याचा एकही माणूस त्या दिवशी तिथे नव्हता.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यातलं एक रेन ट्री रात्री आडवं झालं. नशिबाने खाली कुणी नव्हतं, दोन रिक्षा मात्र चेपल्या. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आलं, ‘वादळी वाऱ्याने झाड कोसळले’. मी सकाळी जाऊन मुळांचा गड्डा पाहिला. पूर्वेकडची मुळं जमीन उपसून वर आली होती. पश्चिमेकडे मुळंच नव्हती, भिंतीसारखी सपाट कापलेली बाजू होती, चराच्या रेषेत. ते झाड वाऱ्याने पाडलं नाही, वारा फक्त शेवटी आला. आणि त्या एका झाडावर बोट ठेवून आज उरलेल्या झाडांना ‘धोकादायक’ म्हटलं जात आहे. नोटिशीतल्या बारापैकी सात झाडांपुढे हाच शेरा आहे. झाड पडून माणसं दगावतात, ही भीती खरी आहे आणि मी ती हलक्याने घेत नाही. पण झाड धोकादायक होतं कसं, हे तपासल्याशिवाय त्याला शिक्षा देऊ नका. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. त्या हिशोबाने तो चर म्हणजे विनापरवाना वृक्षतोड होती. त्याचा पंचनामा झाला नाही.

छाटणीबद्दल थोडंच लिहितो, कारण ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. मे अखेरीला गाडी येते आणि तारांच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवते. झाडाचा तोल दुसऱ्या बाजूला जातो. कधी शेंडाच उडवतात, मग त्या कापाशी झाडूसारखे कोंब फुटतात. ते वरवर चिकटलेले असतात, जून फांदीसारखे आतून रुजलेले नसतात, आणि पुढच्या वादळात तेच मोडून पडतात. वडांच्या पारंब्या तर दरवर्षी ‘अडथळा’ म्हणून कापल्या जातात. पारंबी जमिनीला टेकली की वडाचा खांब होते. आपण त्या वडाला म्हातारपणी आधार घेऊ देत नाही आणि मग तो कलला म्हणून त्याला धोकादायक म्हणतो. छाटणीला माझा विरोध नाही. कुठली फांदी काढायची हे ज्याला कळतं त्याने ती काढावी, एवढंच म्हणणं आहे.

चौथी तक्रार प्रक्रियेची. कायदा सांगतो की तोडायच्या झाडांची सूचना वर्तमानपत्रात द्यायची आणि ती त्या झाडावर, दिसेल अशा जागी लावायची. वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः पाहणी करायची. परवानगी दिल्यानंतरही पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही. मी एकोणीस झाडं दोनदा फिरून पाहिली. शिकवणीच्या, घरभाड्याच्या आणि मूळव्याधीवरच्या औषधाच्या जाहिराती खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत. सूचना एकाही झाडावर नाही. भाजीवाली मावशी वर्तमानपत्र घेत नाही. तिला ही गोष्ट माझ्याकडून कळली. झाडावर कागद असता, तर तिने शेजारच्या पोराकडून वाचून घेतला असता आणि मुदतीत हरकत घेणाऱ्यांत तिचाही अंगठा असता. कायद्याने तो कागद झाडावर लावायला सांगितला आहे, तो अशाच माणसांसाठी.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ म्हणजे प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला आहे. एका झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, असंही त्यात आहे. म्हणून झाडाचं वय ही आता फार महत्त्वाची नोंद झाली आहे. नोटिशीत वयाचा रकाना आहे. चिंचेपुढे लिहिलं आहे ‘३५ वर्षे’. साहेब, १९८४ साली मी या बीटवर पहिल्यांदा आलो तेव्हा दोन माणसांनी हात धरले तरी त्या चिंचेला कव पुरत नव्हती. शेजारच्या वाड्यातल्या आजी तेव्हा सत्तरीच्या होत्या आणि लहानपणी याच झाडाच्या चिंचांवर दगड मारल्याचं सांगायच्या. हे पस्तीस वर्षं कुणी आणि कशावरून ठरवलं, हे मला लेखी हवं आहे.

आता त्या उत्तराकडे येतो, जे मला सुनावणीत अगदी सौजन्याने देण्यात आलं: ‘काका, काळजी करू नका, आपण नियमापेक्षा जास्त झाडं लावणार आहोत.’

कुठे, असं विचारल्यावर जी जागा सांगितली ती शहराबाहेर, माझ्या घरापासून अकरा किलोमीटरवर आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रस्त्याच्या बदल्यात तिथेच रोपं लावली होती. पुढच्या रविवारी मी सायकल काढली आणि जाऊन आलो. फलक आहे, कुंपणाचे खांब आहेत, तारा बऱ्याचशा गेल्या आहेत. ओळीने खड्डे आहेत. त्यांतल्या कितीतरी खड्ड्यांत नुसतीच काठी उभी होती, रोप बांधायची. काही करंज आणि कडुनिंब मात्र छान तरारले आहेत, माझ्या खांद्याला लागतात. त्यांना पाहून मला मनापासून बरं वाटलं. एका करंजाच्या बुडाशी बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं.

पण परतताना, उन्हातून सायकल मारताना, तीच गोष्ट डोक्यात घोळत होती. समजा ती सगळीच्या सगळी रोपं जगली. समजा वीस वर्षांनी तिथे रान झालं. तरी त्यांची सावली कुणाच्या डोक्यावर पडणार? सावली ही सरकारी कर्मचाऱ्यासारखी नाही, की हुकूम काढला आणि इकडून तिकडे रुजू झाली. ती पडते ती झाडाच्या पायाशीच. अकरा किलोमीटरवरचा करंज आमच्या बस थांब्यावर सावली धरू शकत नाही. आणि आज लावलेलं सहा-आठ फुटांचं रोप आजच्या चिंचेएवढं होईपर्यंत, जी मुलं आज त्या शाळेत पहिलीत आहेत त्यांची मुलं पहिलीत जातील. तेवढे सगळे उन्हाळे मधे आहेत. ते कुणी सोसायचे, याचा हिशोब नोटिशीत नाही.

सात झाडं हलवण्याबद्दलही असंच आहे. मोठं झाड उपटताना मुळांचा जो गड्डा सोबत नेता येतो, तो त्याच्या सगळ्या मुळांचा लहानसा भाग असतो. फांद्या तर सगळ्याच उतरवाव्या लागतात. पुढची काही वर्षं रोज पाणी आणि देखरेख असेल तरच ते जगण्याची आशा. जगलं तर ते झाडाचं भाग्य, पण आमची सावली त्या दिवशीच गेली. तेव्हा ‘सात झाडे वाचवली’ असं कृपया लिहू नका.

माझं सगळं म्हणणं एवढ्यावर येतं, की महापालिका रोपं मोजते, सावली मोजत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराने २०१२ मध्ये धोरण ठरवलं, तेव्हा किती रोपं लावणार हे सांगितलं नाही. शहराच्या सार्वजनिक जागेपैकी तेव्हा २२ टक्के जागेवर झाडांचं छत, म्हणजे पानाफांद्यांचं आच्छादन होतं, ते २०४० पर्यंत ४० टक्के करू, असं सांगितलं. युरोपातल्या ९३ शहरांचा एक अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथेही हिशोब छताचाच आहे: झाडांचं छत शहराच्या ३० टक्क्यांवर असतं, तर शहरी उष्णतेमुळे २०१५ च्या उन्हाळ्यात झालेल्या अकाली मृत्यूंपैकी जवळजवळ ४० टक्के टळले असते. तिथलं ऊन आपल्यापुढे काहीच नाही. छत मोजायला लागलं की एक जुनी चिंच म्हणजे काय, हे कागदावरही दिसायला लागतं. रोपं मोजली की ती यादीत ‘चिंच १’ एवढीच उरते.

लावायची झाडं कोणती, यावरही दोन शब्द. दुभाजकात अलीकडे बॉटल पाम आणि कोनोकार्पस नावाचं परदेशी झाड दिसतं. पामची सावली विजेच्या खांबाएवढी. कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ मध्येच बंदी घातली आहे. आपल्याकडची जुनी झाडं उन्हाळा ओळखतात. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पानं खातो, कारण नेमकी तेव्हाच त्याला नवी पालवी असते. करंज त्याच सुमाराला नवा होतो आणि एप्रिल-मे मध्ये, जेव्हा ऊन सगळ्यात कडक, तेव्हा त्याखाली सगळ्यात दाट काळोखी असते. गुलमोहर दिसायला देखणा, पण मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या अंगावर पानच नसतं, आणि लाकूडही ठिसूळ. ज्यांनी आमच्या रस्त्यावर बहुतेक कडुनिंब आणि करंज लावले, ते कोण होते मला ठाऊक नाही. महापालिकेचाच कुणी जुना उद्यान अधीक्षक असेल. त्याला हे सगळं माहीत होतं. म्हणजे ही जाण आपल्याच कार्यालयात एकेकाळी होती.

रस्ता नको, असं आम्ही म्हणत नाही. गटार हवं, फुटपाथ हवा, रुग्णवाहिका अडकू नये. आम्ही काही रहिवाशांनी फीत घेऊन रस्ता मोजला. एकोणीसपैकी बारा झाडं गाड्या उभ्या करण्याच्या पट्ट्यात येतात, वाहत्या रस्त्यात नाहीत. दोन झाडांच्या मधे दोन गाड्या उभ्या राहतात आणि झाड तसंच राहतं, इतकी ती साधी गोष्ट आहे. नकाशा सोबत जोडला आहे. तो मीच काढला आहे, रेषा वाकड्या असतील, मापं बरोबर आहेत.

आमच्या मागण्या अशा:

१. एकोणीस झाडांची परवानगी प्रक्रिया थांबवावी, प्रत्येक झाडावर मराठीत सूचना लावावी आणि हरकतींची मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजावी.

२. झाडांचं वय आणि ‘धोकादायक’ हा शेरा वनस्पतिशास्त्राच्या तज्ज्ञाकडून, रहिवाशांच्या समोर, पुन्हा तपासावा. अहवाल जाहीर करावा.

३. चिंच आणि दोन्ही वड यांची प्राचीन वृक्ष म्हणून नोंद करावी.

४. पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाभोवती किमान एक मीटरचं आळं मोकळं करावं. खिळे आणि तारा काढाव्यात.

५. झाडाच्या फांद्यांच्या घेरात कोणत्याही खात्याचं खोदकाम असेल, तर ते हाताने व्हावं आणि उद्यान खात्याचा माणूस तिथे हजर असावा. मुळं तुटली तर कंत्राटदाराच्या बिलातून दंड कापावा. निविदेतच हे कलम घालावं.

६. नाइलाजाने एखादं झाड गेलंच, तर बदलीची झाडं त्याच रस्त्यावर, नाहीतर त्याच प्रभागात लावावीत. जागा नसेल तर गाड्यांच्या पट्ट्यातून काढावी.

७. पुढच्या वृक्षगणनेत झाडांच्या संख्येबरोबर प्रत्येक रस्त्यावरच्या सावलीचं, म्हणजे छताचं, मोजमाप करावं आणि ते प्रभागवार प्रसिद्ध करावं. कुठल्या वस्तीत सावली कमी आहे हे सगळ्यांना दिसू दे, आणि नवी झाडं आधी तिथे लागू देत.

यांतल्या पहिल्या मागणीवर पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. ते मिळालं नाही तर आम्ही न्यायालयाचा रस्ता धरू. तोवर रोज सकाळी आमच्यापैकी कुणीतरी चिंचेच्या पारावर बसलेलं असेल. आपण स्वतः पाहायला यावं अशी माझी फार इच्छा आहे. गाडीने येऊ नका, चालत या, आणि एप्रिलमध्ये दुपारी दोनला या. बस थांब्यापासून सुरुवात करा. तिथलं रेन ट्री पडल्यापासून पन्नास-साठ पावलं उघडीच आहेत. त्यापुढे पहिला करंज लागतो. तिथे दोन मिनिटं उभे राहा. मी पाणी घेऊन तिथेच असेन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोस्टमन
मु. मोठ्या चिंचेसमोर